टेकूवरची सरकारे आणि मतदाराचा धीर

अल्पसंख्य आणि अल्पमत हे दोन शब्द आपल्या भाषेत एकमेकांच्या इतके जवळ उभे आहेत की बोलण्याच्या ओघात त्यांची सहज गल्लत होते. वस्तुतः त्यांचा अर्थ अगदी भिन्न आहे. अल्पसंख्य असणे हे एखाद्या समाजाचे दीर्घकालीन वास्तव असते. अल्पमत ही मात्र सभागृहातील एका दिवसाची मोजदाद आहे. आज अल्पमतात असलेला पक्ष उद्या बहुमतात येऊ शकतो. किंबहुना तो येऊ शकतो या विश्वासावरच संसदीय लोकशाही उभी असते.

हा भेद नीट समजून घेण्याचे आपल्या समाजाला विशेष कारण आहे. मे १९४९ मध्ये घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळांत राखीव जागा न ठेवण्याचा निर्णय घेतला. या निर्णयासाठी पुढाकार घेणाऱ्यांत बंगालचे ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ आणि घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी अग्रभागी होते. येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा हेही त्या समितीचे सदस्य होते. राखीव जागांची भिंत दूर सारून आपल्या वडीलधाऱ्यांनी सर्वांच्या सामाईक मतपेटीवर विश्वास टाकला. तेव्हा त्या मतपेटीतून निघालेला कौल दिल्लीला पोचल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्याला परका मानता येणार नाही.

या लेखात आम्ही १९८९ ते १९९९ या दशकाकडे वळून पाहणार आहोत. या काळात देशात पाच सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि सहा व्यक्ती पंतप्रधानपदी आल्या. एका निवडणुकीची शाई बोटावरून पुसली जाते न जाते तोच दुसरी दाराशी उभी, असा तो काळ होता. 'कोणालाही मत दिले तरी शेवटी काय होणार?' हा उद्गार त्या वर्षांत घराघरांतून ऐकू येत असे. तो उद्गार कशातून आला, तो कितपत न्याय्य होता आणि त्यातून आपण काय शिकलो, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

घटनाकारांनी केलेली निवड

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींची तुलना केली होती. कारभाराला स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी. परंतु दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अद्याप सापडलेली नाही, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव आणि अविश्वासाचा प्रस्ताव यांच्याद्वारे सरकारची झडती रोजच्या रोज होते आणि निवडणुकीच्या वेळी ती मतदार घेतो. मसुदा समितीने जाणूनबुजून स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले. म्हणजेच सरकार पडू शकणे हा आपल्या घटनेतील दोष नव्हे. ती विचारपूर्वक ठेवलेली तरतूद आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असे घटनेचे ७५वे कलम सांगते. सत्ताधारी पक्षाचे स्वतःचे निम्म्याहून अधिक सदस्य असले पाहिजेत, असे घटना कोठेही म्हणत नाही. सरकारच्या विरोधात बहुमत जमा होत नाही तोवर अल्पमतातील सरकारही पूर्णतः घटनात्मक असते. प्रश्न उद्भवतो तो त्याला तारून नेणाऱ्या टेक्यांचा.

दशकापूर्वीच्या दोन घटना

१९८९ पूर्वी असे प्रसंग आलेच नव्हते असे नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली आणि श्रीमती इंदिरा गांधींचे सरकार अल्पमतात आले. कम्युनिस्ट, द्रमुक आदींच्या साह्याने ते वर्षभर चालले. पुढे त्यांनी मुदतीपूर्वीच निवडणूक घेतली आणि मार्च १९७१ मध्ये ३५२ जागा मिळवून ते पर्व संपवले.

दुसरा प्रसंग १९७९ चा. पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्याविरुद्ध अविश्वासाचा प्रस्ताव मांडला तो विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी. मोरारजीभाईंनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम यशवंतरावांनाच सरकार बनवण्यास पाचारण केले. परंतु ते जुळून आले नाही. अखेर २८ जुलै रोजी चरणसिंगांनी इंदिराजींच्या पाठिंब्यावर शपथ घेतली आणि यशवंतराव उपपंतप्रधान झाले. तो पाठिंबा तीन आठवड्यांतच काढून घेण्यात आला. चरणसिंगांनी लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा दिला आणि जानेवारी १९८० पर्यंत काळजीवाहू म्हणून कारभार पाहिला. 'बाहेरून पाठिंबा' या शब्दांतील धोका देशाला प्रथम दिसला तो तेव्हा.

दोन टेक्यांवरील अकरा महिने

१९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या होत्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये तिला १९७ मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष तोच होता, पण राजीव गांधींनी सरकार बनवण्यास नकार दिला. जनता दलाजवळ १४३ जागा होत्या. भारतीय जनता पक्ष आणि डावे पक्ष यांनी बाहेरून पाठिंबा दिला आणि २ डिसेंबर रोजी विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले. एकमेकांशी कोणत्याच प्रश्नावर न पटणाऱ्या दोन बाजूंनी एकच छप्पर धरून ठेवले होते. त्यातील एकाने हात काढला की ते कोसळणार, हे उघड होते.

तरीही या सरकारला निष्फळ म्हणता येणार नाही. राजापूरचे प्रा. मधु दंडवते त्यात अर्थमंत्री होते आणि मंगळुरूच्या कॅथलिक कुटुंबात जन्मलेले, तरुणपणी धर्मगुरूपदाच्या शिक्षणासाठी बंगळुरूच्या सेमिनरीत गेलेले जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. या दोघांच्या कारकिर्दीतच जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती देणारी दुरुस्तीही त्याच वर्षी झाली. महाराष्ट्रातील लक्षावधी नवबौद्ध कुटुंबांचे जीवन तिने बदलले.

७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. सप्टेंबरात लालकृष्ण अडवाणींची रथयात्रा सोमनाथहून निघाली. २३ ऑक्टोबरला त्यांना बिहारमध्ये समस्तीपूर येथे अटक झाली आणि भाजपने पाठिंबा काढून घेतला. ७ नोव्हेंबर रोजी लोकसभेने विश्वासदर्शक ठराव ३४६ विरुद्ध १४२ मतांनी फेटाळला. सभागृहातील मतदानाने पडलेले ते केंद्रातील पहिले सरकार होय.

त्यानंतर जे घडले त्याने मतदार खऱ्या अर्थाने विषण्ण झाला. जनता दलातून फुटलेला एक लहान गट घेऊन चंद्रशेखर पंतप्रधान झाले आणि त्यांना बाहेरून पाठिंबा दिला तो वर्षापूर्वी मतदारांनी ज्या पक्षाला सत्तेवरून दूर केले होते त्या काँग्रेसने. राजीव गांधींच्या निवासस्थानावर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवीत होते, या कारणावरून बेबनाव झाला आणि ६ मार्च १९९१ रोजी चंद्रशेखरांनी राजीनामा दिला. जेमतेम चार महिने झाले होते. परकीय चलनाची गंगाजळी आटत असताना या सरकारला पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. मे महिन्यात २० टन सोने परदेशी विकावे लागले आणि जुलैमध्ये, नवे सरकार आल्यानंतर, रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने गहाण म्हणून रवाना झाले. अडीनडीला स्त्रीधन गहाण ठेवण्याची वेळ आलेल्या घराला जे वाटते तेच त्या वेळी देशाला वाटले. आर्थिक अरिष्टाची मुळे अर्थातच जुनी होती. परंतु निर्णय घेण्यास समर्थ सरकार दिल्लीत नव्हते, म्हणून ते अधिक गडद झाले.

पाच वर्षे टिकलेले अल्पमत

मे १९९१ मध्ये निवडणूक चालू असतानाच श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली. २१ जून रोजी पी. व्ही. नरसिंह राव यांनी शपथ घेतली तेव्हा त्यांच्याही पक्षाजवळ बहुमत नव्हते. हे सरकार किती महिने टिकणार, याचे अंदाज वर्तवले जात होते. ते पूर्ण पाच वर्षे टिकले.

हे कसे घडले? एक तर विरोधक दुभंगलेले होते. भाजप आणि डावे पक्ष एकत्र येऊन हे सरकार पाडण्यास सहसा तयार नसत. दुसरे असे की, प्रश्नागणिक वेगवेगळ्या पक्षांशी बोलणी करून मार्ग काढण्याचे कौशल्य नरसिंह रावांकडे होते. जुलै १९९१ चा अर्थसंकल्प, अल्पसंख्याक आयोगाला वैधानिक दर्जा देणारा १९९२ चा कायदा, पंचायती व नगरपालिका यांना घटनात्मक अधिष्ठान देणाऱ्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्या, हे सारे या अल्पमतातील सरकारच्या काळात झाले. आज आपल्या गावांतील भगिनी ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत हक्काने बसतात, त्याचा पाया या दुरुस्त्यांनी घातला. घटनादुरुस्तीस उपस्थितांपैकी दोनतृतीयांश सदस्यांची संमती लागते; अर्थात विरोधकांना विश्वासात घेतल्याविना हे होणे शक्यच नव्हते.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यापाठोपाठ मुंबई दंगलींत होरपळली. केंद्र सरकार वेळीच हलले नाही, हा ठपका नरसिंह रावांवर कायमचा राहिला. २८ जुलै १९९३ रोजी, सभापतिपदी लातूरचे शिवराज पाटील असताना, अविश्वासाचा प्रस्ताव २६५ विरुद्ध २५१ मतांनी फेटाळला गेला. या मतांसाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याचा आरोप पुढे न्यायालयात गेला. २००० साली विशेष न्यायालयाने नरसिंह रावांना दोषी ठरवले. २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. दरम्यान १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक चमत्कारिक वाटणारा निर्णय दिला होता : लाच घेऊन सभागृहात त्याप्रमाणे मत देणाऱ्या खासदाराला संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण आहे. हा निर्णय चुकीचा होता, असे सांगण्यास २०२४ चा मार्च उजाडावा लागला. सात न्यायाधीशांच्या पीठाने तेव्हा तो एकमताने रद्द केला. अल्पमतातील सरकारला एकेका मताची जी किंमत मोजावी लागते, तिचा हिशोब मिटण्यास तीन दशके लागली.

गारो टेकड्यांतील सभापती

१९९६ च्या निवडणुकीने तर त्रिशंकू लोकसभा म्हणजे काय ते पुरतेपणी दाखवले. भाजपला १६१, काँग्रेसला १४०, जनता दलाला ४६ आणि उरलेल्या जागा कितीतरी लहान पक्षांना, असा तो कौल होता. राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाला पाचारण केले. १६ मे रोजी अटल बिहारी वाजपेयी पंतप्रधान झाले आणि २८ मे रोजी मतदानापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. ती चर्चा दूरदर्शनने थेट दाखवली. सरकार कसे उभे राहते आणि कसे पडते, हे लोकांनी आपापल्या घरी बसून पाहिले.

सभापतीच्या आसनावर त्या वेळी होते पूर्णो अगिटोक संगमा. मेघालयातील गारो टेकड्यांत, एका लहान खेड्यात जन्मलेले हे कॅथलिक गृहस्थ २३ मे १९९६ रोजी बिनविरोध सभापती झाले. लोकसभेचे हे पहिले आदिवासी आणि पहिले ख्रिस्ती सभापती. ते सत्ताधारी पक्षाचे नव्हते, ही गोष्टही तेवढीच महत्त्वाची. पक्ष एकमेकांवर तुटून पडत असताना सर्वांनी मिळून ज्याला मान दिला तो संख्येने लहान अशा समाजातला होता. हसतमुख पण कणखर रीतीने त्यांनी ते सभागृह सांभाळले. वाजपेयींचा राजीनामा, देवेगौडांचा विश्वासदर्शक ठराव, देवेगौडांचा पराभव आणि गुजरालांचा विश्वासदर्शक ठराव, हे सारे एका वर्षाच्या आत त्यांच्यासमोर घडले. त्यांच्या पुढील राजकीय वाटचालीविषयी मतभेद असू शकतील. त्यांच्या सभापतिपदाविषयी क्वचितच कोणाचे दुमत असेल.

संयुक्त आघाडीने ज्योती बसूंना पंतप्रधानपद देऊ केले होते. त्यांच्या पक्षाने नकार दिला. मग १ जून रोजी एच. डी. देवेगौडा आले. पाठिंबा पुन्हा काँग्रेसचा, पुन्हा बाहेरून. ३० मार्च १९९७ रोजी काँग्रेस अध्यक्ष सीताराम केसरी यांनी तो काढून घेतला. असे करण्यास पटण्याजोगे कारण काय, हे सामान्य माणसाला अखेरपर्यंत उमगले नाही. ११ एप्रिलला देवेगौडा १५८ विरुद्ध २९२ मतांनी पडले आणि त्याच आघाडीचे, त्याच पाठिंब्याचे नवे सरकार इंद्रकुमार गुजराल यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या अंतरिम अहवालात द्रमुकवर ठपका होता. त्या पक्षाला सरकारातून काढा, अशी काँग्रेसची मागणी होती. गुजरालांनी ती मानली नाही. २८ नोव्हेंबरला पाठिंबा गेला आणि सरकारही गेले.

१९९८ मध्ये वाजपेयी पुन्हा आले, या वेळी अनेक पक्षांची आघाडी घेऊन. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रे मागून घेतली आणि मगच त्यांना पाचारण केले. तरी १७ एप्रिल १९९९ रोजी अण्णा द्रमुकने साथ सोडल्यानंतर हे सरकार २६९ विरुद्ध २७०, म्हणजे अवघ्या एका मताने कोसळले. दोनच महिन्यांपूर्वी ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी खासदारकीचा राजीनामा दिलेला नव्हता. त्यांनीही त्या दिवशी मतदान केले. आपल्या एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा बोलके उत्तर इतिहासाने क्वचितच दिले असेल.

रागाची तीन रूपे

या साऱ्या काळात मतदार काय करीत होता? त्याचा राग मतपत्रिकेवरच उमटला, तोही विलक्षण रीतीने. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात १३,९५२ उमेदवार उभे होते. आंध्रातील नलगोंडा मतदारसंघात ४८० उमेदवार होते. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडे वाकलेल्या गावांची ती आरोळी होती. बेळगावात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी तेथील मराठी माणसाने ही वाट धरली होती. तमिळनाडूतील मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात तर शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांपायी १,०३३ उमेदवार उभे राहिले आणि मतपत्रिका पुस्तकासारखी छापावी लागली.

या आक्रोशाला संसदेने काय उत्तर दिले? लोकसभेसाठीची अनामत रक्कम पाचशे रुपयांवरून दहा हजार केली आणि अपक्षांना दहा सूचक सक्तीचे केले. १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. मतपत्रिका आटोपशीर झाली, पण म्हणून नलगोंड्याचे पाणी गोड झाले नाही आणि बेळगावचा प्रश्नही सुटला नाही. 'वरीलपैकी कोणीही नाही' असे सांगण्याची सोय मतदाराला मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने.

मात्र मतदाराने मतपेटीकडे पाठ फिरवली असे आकडे सांगत नाहीत. १९८४ मध्ये सुमारे ६४ टक्के मतदान झाले होते. ते १९८९ मध्ये ६२, १९९१ मध्ये ५७ आणि १९९६ मध्ये ५८ टक्क्यांच्या आसपास राहिले. परंतु १९९८ मध्ये, दोन वर्षांत दुसऱ्यांदा रांगेत उभे राहावे लागूनही, ते पुन्हा ६२ टक्क्यांच्या घरात गेले. मतदार चिडला होता, पण त्याचा धीर सुटला नव्हता. या दशकाचे सर्वांत मोठे श्रेय आम्ही त्यालाच देऊ.

अपुरी राहिलेली कामे

सरकार पडले की मंत्री बदलतात, एवढेच सामान्यतः डोळ्यांना दिसते. न दिसणारी हानी वेगळीच असते. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे असलेली विधेयके व्यपगत होतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. महिलांना लोकसभेत व विधानसभांत एकतृतीयांश जागा देणारे विधेयक देवेगौडा सरकारने १२ सप्टेंबर १९९६ रोजी मांडले. ती लोकसभा गेली, त्याबरोबर तेही गेले. पुढे अनेक वेळा मांडले जाऊन अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये ती घटनादुरुस्ती संमत झाली. सत्तावीस वर्षांत एक पिढी उलटते.

आपल्या समाजाच्या काळजाला भिडणारे उदाहरण त्याहून वेदनादायक आहे. १९९० मध्ये नवबौद्धांना जो न्याय मिळाला तो दलित ख्रिस्ती बांधवांनाही मिळावा, यासाठी १९९६ च्या आरंभी, नरसिंह राव सरकारच्या अगदी शेवटच्या दिवसांत, एक विधेयक तयार झाले. ते सभागृहात मांडलेच गेले नाही. पाच वर्षे हाताशी असताना जे केले नाही ते उंबरठा ओलांडताना करू पाहणे, यामागे निष्ठा किती आणि निवडणुकीचा हिशोब किती, हे वाचकांनीच ठरवावे. त्यानंतर आलेल्या अस्थिर सरकारांना तो विषय हाती घेण्याची उसंत मिळाली नाही आणि पुढच्या स्थिर सरकारांनीही तो मार्गी लावला नाही. तेव्हा सारा दोष अस्थिरतेच्या माथी मारून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

याउलट कोकण रेल्वे पाहा. विश्वनाथ प्रताप सिंगांच्या काळात सुरू झालेले हे काम चंद्रशेखर, नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा आणि गुजराल अशा साऱ्यांच्या कारकिर्दीत चालू राहिले. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले, काम काही काळ थांबले; तरीही २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा सलग मार्ग खुला झाला. ज्या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा, निश्चित निधी आणि जाणते नेतृत्व असते ते सरकारांच्या येण्याजाण्याने अडत नाही. जे काम केवळ एखाद्या मंत्र्याच्या मर्जीवर असते ते त्याच्याबरोबरच जाते.

आपल्या अंगणात

दिल्लीला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. चाळीस आमदारांच्या गोवा विधानसभेत १९९० ते २००० या काळात मुख्यमंत्रिपदाचे शपथविधी दहाहून अधिक वेळा झाले. मार्च १९९० मध्ये प्रतापसिंह राणे यांचे सरकार पडले. चर्चिल आलेमाव अठरा दिवस मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्यानंतर, तोवर विधानसभेचे सभापती असलेले डॉ. लुईस प्रोटो बार्बोझा त्या पदावर आले. एप्रिल १९९४ मध्ये रवी नाईक यांचे एक मंत्रिमंडळ आठवडाही टिकले नाही. त्या काळातील पक्षांतर करणाऱ्यांत आपल्या समाजाचे लोक होते आणि इतरही होते. 'आपला माणूस' निवडून आला एवढ्याने मत सार्थकी लागत नाही, हा धडा गोव्याने आपल्याला दिला.

महाराष्ट्रातही १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीला १३८ जागा मिळाल्या. बहुमतास सात कमी पडत होत्या आणि पंचेचाळीस अपक्ष निवडून आले होते. त्यांच्यातील काहींच्या साह्याने ते सरकार चालले. नोव्हेंबर २०१९ मध्ये पहाटेच्या सुमारास शपथविधी होऊन चार दिवसांतच संपलेले सरकार आणि २०२२ मधील पक्षफूट ही तर अलीकडची उदाहरणे.

धडा कोणता?

सर्व दोष पक्षांच्या गर्दीवर टाकणारे पुष्कळ आहेत. आम्हांला ते पटत नाही. भारतासारख्या खंडप्राय देशात भाषा, प्रदेश, जाती आणि श्रद्धा यांची विविधता असताना पक्ष अनेक असणारच. केवळ दोनच पक्ष असते तर आपल्यासारख्या विखुरलेल्या समाजाचा आवाज कोणाच्या कानी पडला असता, याचाही विचार करावा. अल्पमत हेही मूळ दुखणे नव्हे. नरसिंह रावांचे अल्पमतातील सरकार टिकले आणि त्याने मोठी कामेही केली. आमच्या मते या दशकाचे खरे दुखणे होते ते जबाबदारीविना सत्ता. बाहेरून पाठिंबा देणारा पक्ष सरकारच्या यशात वाटेकरी, अपयशात मात्र परका. मतदाराने त्याला जाब विचारावा तर तो म्हणणार, आम्ही सरकारात कोठे होतो? घटनाकारांनी स्थैर्याचा काही अंश सोडून जी जबाबदारी पदरात घेतली होती ती या पद्धतीत हरवली. स्थैर्यही गेले आणि जबाबदारीही गेली.

पुढील इतिहास हेच दाखवतो. १९९९ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीने निवडणुकीपूर्वीच एक सामाईक जाहीरनामा मतदारांपुढे ठेवला. ते सरकार २००४ पर्यंत चालले. २००४ मध्ये डाव्या पक्षांचा पाठिंबा बाहेरूनच होता, परंतु तो लेखी किमान समान कार्यक्रमावर होता. तो चार वर्षे टिकला आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा त्याच काळात झाला. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून तो निघाला तेव्हा मात्र लोकसभेत नोटांची पुडकी फडकलेली देशाने पाहिली. २०१४ आणि २०१९ मध्ये एकाच पक्षाला बहुमत मिळाले. २०२४ मध्ये पुन्हा कोणालाही ते मिळाले नाही; भाजप २४० जागांवर थांबला आणि निवडणुकीपूर्वीच जुळलेल्या आघाडीने सरकार बनवले. मतदाराला कोण कोणाबरोबर आहे हे मत देण्यापूर्वीच ठाऊक असणे, ही त्या दशकाने दिलेली शिकवण होय.

कायद्यांनीही काही भोके बुजवली. बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे, सभागृहातच लागली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सांगितले. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश आमदार-खासदार फुटले तर त्याला मान्यता देणारी पळवाट बंद केली आणि मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा घातली. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात, पर्यायी नेता निवडल्याविना सरकार पाडता येत नाही, अशी तरतूद आहे. वायमार प्रजासत्ताकाच्या विनाशातून तो देश हे शिकला. १९८२ मध्ये हेल्मूट श्मिट जाऊन हेल्मूट कोल आले ते याच मार्गाने. आपल्याकडेही या तरतुदीची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती अधिक गांभीर्याने व्हावी असे आम्हांला वाटते.

परंतु कोणताही कायदा मतदाराच्या जागरूकतेची जागा घेऊ शकत नाही. आपल्या धर्मग्रामांतून निवडणुकीच्या वेळी उमेदवार भेटीस येतात, हात जोडतात, सणाच्या शुभेच्छा देतात. त्या वेळी त्यांना विचारण्याचे प्रश्न साधे आहेत. तुमचा पक्ष कोणाबरोबर जाणार आणि कोणाबरोबर जाणार नाही? पाठिंबा दिलात तर कोणत्या लेखी अटींवर? पक्ष सोडावासा वाटला तर आमच्याकडे पुन्हा कौल मागण्यास याल काय? हे प्रश्न विचारण्यास संख्याबळ लागत नाही. आपण संख्येने थोडे आहोत, हे खरेच. परंतु मतपेटीत पडलेल्या मतावर ते अल्पसंख्याकाचे आहे की बहुसंख्याकाचे, हे कोठेही लिहिलेले नसते. मोजणीच्या टेबलावर त्याची किंमत एकच असते, आणि १९९९ च्या त्या एप्रिलमध्ये देशाचे सरकार उलथले तेही एकाच मताने.